उपाशी वाफा

रंभाबाई हेडाऊ आमच्या केंद्रावर कामाला आली तेव्हा तिला शेतीतलं काहीही येत नव्हतं. हे ती स्वतःच सांगते. पहिल्या दिवशी निंदायला बसवलं तर तिने तण जागेवर ठेवलं आणि गव्हाची अर्धी ओळ उपटून मुकादमासमोर नेऊन ठेवली.

"मले काय मालूम जी? हिरवं होतं, उपटलं."

माहेर खाप्याचं, सासर उमरेडचं. दोन्ही घरी हातमाग. उमरेडचा माग बंद पडला तसा नवरा-बायकोने खाप्याचा रस्ता धरला. नवरा कापडाच्या दुकानात लागला आणि ही आमच्या शेतावर. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

आमचं केंद्र म्हणजे एका जुन्या शेतकी संस्थेचं लहानसं संशोधन शेत. कन्हान नदीपासून जवळ, काळ्या मातीचं. मी तिथे कार्यालय अधीक्षक. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मातीशी माझा संबंध बुटांपुरताच होता. शहरातल्या नंदनवन वस्तीतून रोज जाणं-येणं करतो आणि येत्या जानेवारीत निवृत्त होईन. या नोकरीत मातीबद्दल मला जे थोडंफार कळलं त्यातलं निम्मं शास्त्रज्ञांच्या अहवालांतून कळलं, कारण ते टंकलेखनासाठी माझ्याकडे यायचे. उरलेलं निम्मं रंभाबाईकडून.

केंद्राची सगळी प्रतिष्ठा सहा वाफ्यांवर उभी आहे. पस्तीस वर्षांपूर्वी ते आखले गेले आणि तेव्हापासून प्रत्येकाला दरवर्षी तेच आणि तेवढंच मिळतं. पावसाळ्यात ज्वारी, हिवाळ्यात गहू, सगळीकडे सारखेच. फरक फक्त खताचा. पहिल्या वाफ्याला काहीच नाही. दुसऱ्याला नुसता युरिया. तिसऱ्याला युरिया आणि सुपर फॉस्फेट. चौथ्याला त्यात पोटॅशही. पाचव्याला फक्त शेणखत. सहाव्याला चौथ्याचं सगळं आणि वर शेणखतही. मांडणी इतकी सोपी की माझ्यासारख्यालाही समजावी. पण हे वाफे आखणाऱ्यांनी जोडीचे वाफे ठेवले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी एकाच खताचे तीन-चार वाफे असतात, एक बिघडला तर बाकीचे असतात. आमच्याकडे एकेकच. एक गेला की गेला.

जुने अहवाल चाळले तर गंमत वाटते. सुरुवातीची पाच-सहा वर्षं दुसऱ्या वाफ्याचा रुबाब होता. नुसत्या युरियावर गहू असा काळाभोर हिरवा यायचा की बघायला आलेले शेतकरी म्हणायचे, एवढं पुरे आहे, बाकी कशाला? शेणखताचा पाचवा वाफा तेव्हा मागे रेंगाळायचा आणि त्याची चेष्टा व्हायची. मग दहाव्या वर्षाच्या सुमारास युरियाचा वाफा उतरू लागला. युरियाने पिकाला एकच गोष्ट दिली होती, बाकीच्या गोष्टी पिकाने जमिनीतून उचलल्या होत्या आणि त्या कोणी परत घातल्या नव्हत्या. आज त्याचं पीक पहिल्या, काहीच न दिलेल्या वाफ्यापेक्षा थोडंच बरं येतं. चौथा अजूनही चांगलं पिकतो. पाचवा सावकाश वर आला आणि टिकला, पण चौथ्याइतकं उत्पन्न त्याने क्वचितच दिलं. सहावा मात्र सगळ्यांच्या पुढे. त्याची माती मऊ, पाणी धरणारी. पाऊस लांबला तरी तिथली ज्वारी दोन-चार दिवस उशिरा माना टाकते.

रंभाबाई हे सगळं पायांनी ओळखायची. निंदताना चपला बांधावर काढून ठेवायची.

"दोन नंबरात पाय ठेवला का खापर तुडवल्यावानी लागते, बाबूजी. आन् सहा नंबरात पाय कसा गादीवर."

शेतकऱ्यांचा गट आला की डॉ. चेतन घाटोळे, आमचे प्रमुख, आधी आलेख दाखवायचे. शेतकरी जांभया द्यायचे. मग रंभाबाई दोन काचेचे ग्लास आणायची, पाण्याने भरायची, एकात दुसऱ्या वाफ्यातलं ढेकूळ सोडायची, दुसऱ्यात सहाव्यातलं. पहिलं ढेकूळ बघता बघता विरघळून पाणी गढूळ व्हायचं. दुसरं तळाशी तसंच बसून राहायचं.

"आमच्या घरी मागावर सूत चढवाच्या आंधी त्याले खळ देत," ती सांगायची. "खळ नाई दिली तं रंग कितीबी चोखा असू द्या, धागा ठोक्याले तुटते. हे शेणखत म्हणजे खळ आन् तुमचा युरिया म्हणजे रंग. रंगाबिगर लुगडं होत नाई, हेबी खरं हाय. पण नुसत्या रंगाचं कोणी लुगडं विणते का?"

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मंग नुसत्या खळीचं?"

"तेबी नाई होत, बुवा. ते पाहा पाच नंबर. चांगला हाय, पण तुमच्या घरी खाणारे किती?"

सगळे हसले. घाटोळे साहेब मला हळूच म्हणाले, "माझे चाळीस आलेख फुकट गेले."

तिचं भांडण फक्त पहिल्या वाफ्यावरून होतं. त्याला ती उपाशी वाफा म्हणायची. तिथल्या गव्हाची ओंबी बोटाच्या पेराएवढी, ज्वारी कमरेएवढी. दर हंगामात ती साहेबांना एकदा तरी विचारायची, "काहून जी, त्यानंच काय पाप केलं?" साहेब समजावून सांगत, की तराजूचा काटा आधी शून्यावर असावा लागतो, काही न दिलेला वाफा नसेल तर दिलेल्यांनी किती काम केलं हे कोण सांगणार? ती मान डोलवायची. "समजलं जी," म्हणायची. पुढच्या हंगामात पुन्हा तोच प्रश्न.

यंदा मे महिन्यात त्या वाफ्यावरच सगळं अडकलं.

दरवर्षी गहू निघाला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहाही वाफ्यांतून मातीचे नमुने घेतात. हे काम ओमप्रकाश लांजेवार करायचे. ते मार्चअखेर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेली रितिका वैरागडे मे उजाडल्यावर रुजू झाली. मुलगी हुशार, कामसू. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, तापलेल्या उन्हात, तिने एकटीने सहाही वाफ्यांचे नमुने घेतले, वाळवले, चाळले, तपासले आणि शुक्रवारी दुपारी कागद घेऊन साहेबांकडे गेली. मीही तिथेच होतो.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"पहिल्या वाफ्याचा सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एक्कावन्न? गेली वीस वर्षं तो एकोणचाळीसच्या आसपास आहे."

"मी दोनदा केलं, सर."

"म्हणजे वाफ्यात शेणखत पडलंय."

 पुढच्या गुरुवारी बाहेरून तिघांची समिती येणार होती. हा प्रयोग पुढे चालू ठेवायचा की बंद करून तिथे रोपवाटिका करायची, हे ती ठरवणार होती. काटा शून्यावरून हललेला तराजू त्यांच्यापुढे ठेवला असता तर दुसरं काही पाहायला ते थांबले नसते. पस्तीस वर्षं गेली असती आणि पुन्हा सुरू करायला दुसरी पस्तीस कोणाकडेही नाहीत.

साहेबांनी मला सांगितलं, "शेतावरच्या सगळ्यांना नोटीस काढा. पहिल्या वाफ्यात खत कोणी आणि कधी टाकलं, लेखी खुलासा द्यावा. सोमवारपर्यंत."

मी नोटीस लिहिली. अशा नोटिसा मी आयुष्यात पुष्कळ लिहिल्या. भाषा ठरलेली असते. ही लिहिताना मात्र माझ्या मनात एकच नाव होतं, आणि मला खात्री आहे की साहेबांच्याही मनात तेच होतं. शेणखताच्या ढिगाची किल्ली नसते, पण तिथे टोपलं घेऊन जाणारी माणसं मोजकीच.

सोमवारी सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा रंभाबाई पायरीवर बसलेली होती. नेहमी येताच ती माठातलं पाणी पिऊन, घरचं काहीतरी सांगून मगच शेताकडे वळते. त्या दिवशी तिने विचारलं, "बाबूजी, हे कागदावर अंगठा द्या लागते का सही?"

"सही येते ना तुम्हाला?"

"येते. पण लिवू काय? मीच टाकलं."

मी खुर्चीत बसलो. तिला बसा म्हणालो तरी ती उभीच राहिली.

"कधी टाकलं?"

"अक्तीले."

अक्षय तृतीयेला इकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी पितरांना जेवू घालतात, नव्या शेतीवर्षाची सुरुवात करतात. दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत.

"या वर्षी पहिल्यांदाच?"

ती हळूच म्हणाली, "दरसाल. मी लागली तवापासून. एक टोपलं."

बत्तीस टोपली.  मी तिला तसंच साहेबांच्या खोलीत नेलं. रितिका तिथेच होती. रंभाबाईने जे मला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, एकही शब्द कमी न करता.

साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत, त्यांचा आवाजच बसला. "रंभाबाई, मी इथे रुजू होण्याच्या आधीपासून तुम्ही हे करताय? मी पीएच.डी.साठी इथे यायचो तेव्हाही?"

"हो जी. तुमी तवा बारीक होते."

"अहो, हसू का रडू मी? तुम्हाला किती वेळा सांगितलं, की त्या वाफ्याला काही द्यायचं नाही!"

"वाफ्याले कुठं देल्लं जी? कडेले देल्लं."

"म्हणजे?"

रंभाबाईने पदराची गाठ सोडली. आत सुताची एक गुंडाळी होती, जुनी, हळदीच्या रंगाची. तिला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या.

"तुमी गहू कापता तवा कडेचे दोन हात सोडून देता नं? ते वजनात धरत नाई. बांधाच्या बाजूचं पीक खोटं, असं लांजेवार भाऊच सांगत होते आमाले. मंग मी म्हटलं, जे मोजतच नाई ते त्याले खाऊ द्या. वाफ्याच्या नंबराच्या पाटीजवळच्या कोपऱ्यात, एक हात इकडून, एक हात तिकडून. हे सूत लावल्याबिगर मी कधी टोपलं उपडं नाई केलं. कोष्ट्याच्या घरची हाव मी. सुतानं मोजलेलं हालत नाई."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "रितिका, तू नमुने कुठून कुठून घेतलेस?"

रितिकाचा चेहरा उतरला. "सर, जमीन फार कडक होती. आठऐवजी पाचच ठिकाणी खणलं. पहिलं... पहिलं पाटीजवळच. तिथे माती मऊ लागली."

"बांधापासून किती आत?"

"मी बांध सोडला, सर. पण एवढाच." तिने हाताने वीतभर दाखवलं.

लांजेवार दरवर्षी अक्तीच्या आधीच नमुने घेऊन मोकळे व्हायचे आणि बांधापासून मोजून दोन पावलं आत शिरायचे. यंदा अक्ती आधी झाली, नमुने नंतर. ताजं शेणखत आणि नवी मुलगी एकाच कोपऱ्यात भेटली.

हे अजून नुसतं बोलणं होतं. बत्तीस वर्षांत शेणखत नांगराबरोबर आत ओढलं गेलं नसेल कशावरून? पाण्याबरोबर पसरलं नसेल कशावरून? साहेबांनी तेच विचारलं आणि आम्ही चौघेही शेतावर गेलो. मी बुटांसकट.

कोपरा दाखवावा लागला नाही. कापलेल्या गव्हाची खुंटं तिथे दाट आणि जाड होती, पुढे विरळ, काडीसारखी. ही दाट जागा मी वर्षानुवर्षं पाहिली होती आणि पाटाचं पाणी तिथे झिरपतं असं समजत होतो. रंभाबाईने सूत लावलं. जाड खुंटं सुताच्या आत होती, बाहेर हातभर थोडी मिसळ, आणि दोन हातांच्या रेषेपलीकडे सगळीकडे तीच उपाशी काडी.

"नांगर आडवा चालते इथं," ती म्हणाली. "कोपऱ्यात बैल वळवत नाई, कुदळीनं करतो आमी. आता ट्रॅक्टर बी तिथं पोचत नाई."

रितिकाने पुन्हा नमुने घेतले. या वेळी आठ ठिकाणी, नागमोडी, दोन हात सोडून. कडक जमिनीत सब्बल, म्हणजे पहार, रंभाबाईने मारली. एक वेगळी पिशवी कोपऱ्याची. मे महिन्याच्या उन्हात माती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खडखडीत वाळली.

मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. तिथे माझं काहीच काम नव्हतं. रंभाबाई उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली होती. डबा तिच्याजवळ होता, पण त्याची गाठ तशीच.

रितिकाने मला आधी समजावून सांगितलं. मातीत एक नारिंगी द्रावण आणि तीव्र आम्ल घालतात. मातीतला कर्ब त्या द्रावणाचा काही भाग खाऊन टाकतो. उरलेलं किती हे पाहायला काचेच्या उभ्या नळीतून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडतात. फ्लास्कमधला रंग हिरवा झाला की थांबायचं.

"म्हणजे उशिरा हिरवं झालं तर?"

"तर कर्ब कमी. आपल्याला उशीरच हवाय, काका. त्या दिवशी साडेसोळा मिलिलिटरच्या थोडं पुढे थांबलं होतं. सतराच्या पुढे जायला हवं."

आयुष्यभर मी कामं वेळेआधी व्हावीत म्हणून झगडलो. त्या दिवशी उशीर व्हावा म्हणून देवाचं नाव घेतलं.

तिने आधी कोपऱ्याचा नमुना लावला. तेरालाच लख्ख हिरवा. "बाप रे, सहाव्या वाफ्यापेक्षाही जास्त," ती पुटपुटली. साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "ताजं खत आहे त्यात, धरू नकोस," ते म्हणाले. मग तिने वाफ्याचा फ्लास्क घेतला. रंग दाखवणारं सूचक घातल्यामुळे तो आता गडद, जांभळट, शाईसारखा होता. दहा. चौदा. सोळा. तिने तोटी आणखी आवळली, आता थेंब एकेक पडत होता. साडेसोळा गेले.

"झालं का वं पोरी?" बाहेरून आवाज आला.

"नाही आजी!"

"नाई झालं तं बरं का वाईट?"

"बरं!"

सतरा गेले. रंग निळा झाला. सतरा पूर्णांक चारला एक थेंब पडला आणि फ्लास्क हिरवा झाला. रितिकाने कागदावर आकडेमोड केली, पुन्हा केली आणि कागद साहेबांपुढे धरला. शून्य पूर्णांक एकोणचाळीस.

साहेबांनी भिंतीला पाठ टेकली. "जागेवर आहे," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले. "रंभाबाई, तुमचं सूत खरं निघालं."

तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. साहेबांना की वाफ्याला, ते मी विचारलं नाही.

"पण आता बंद," साहेब म्हणाले. "अक्ती असो की दिवाळी. कोपरा मी अहवालात लिहिणार, तुमच्या नावासकट. समितीला सगळं खरं सांगायचं. पुढे एक टोपलंसुद्धा नाही."

"नाई टाकत जी. चार दिस झोप नाई लागली मले." मग ती म्हणाली, "पण बांधाच्या भायेर? तो तं तुमचा वाफा नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. "बांधाच्या पलीकडे पाणंद आहे, केंद्राची हद्द नाही," मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत नकाशा पाठ झालेला असतो.

गुरुवारी समिती आली. त्यांनी कोपऱ्याची गोष्ट दोनदा ऐकली, सूत हातात घेऊन पाहिलं, आणि रंभाबाईने ग्लासात ढेकळं सोडली तेव्हा तिघंही वाकून बघत होते. जाताना त्यांनी प्रयोग आणखी दहा वर्षं चालू ठेवण्याची शिफारस करू असं सांगितलं. रितिकाला त्यांनी आठही ठिकाणी खणण्याची आठवण करून दिली आणि तिने कान धरले. नोटिशीवर मी "कार्यवाहीची आवश्यकता नाही" असा शेरा मारून ती बंद केली.

पण मला आठवते ती मंगळवारची दुपार. निकाल लागल्यावर रंभाबाई पहिल्या वाफ्याच्या बांधावर बाभळीच्या सावलीत जाऊन बसली आणि डब्याची गाठ सोडली. शुक्रवारपासून तिने घरीही धड खाल्लं नव्हतं, हे मला तिच्या सुनेकडून मागाहून कळलं. त्या दिवशी ती तीन भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा असं सगळं सावकाश जेवली. शेवटचा घास उरला तेव्हा सवयीने तिचा हात वाफ्याकडे वळला. प्रयोगशाळेच्या दारातून बघणाऱ्या रितिकाने "आजी!" म्हणून हाक मारली.

रंभाबाई दचकली, मग खो-खो हसली. "नाई वं, नाई टाकत," ती म्हणाली, आणि घास मागे, बांधापलीकडे, पाणंदीत भिरकावला. दोन साळुंक्या त्यावर तुटून पडल्या.